घरीं जोडावयाचा पहिला संगणक

रेडिओचें नवल ताजें होतें त्या काळांत हौशी मंडळी सुटे भाग आणून घरच्या घरीं रेडिओ-संच जोडीत असत. एक स्फटिक, तांब्याच्या तारेचें वेटोळें, कानाला लावावयाचें श्रवणयंत्र आणि छपरावर ताणलेली तार, एवढ्या सामग्रीवर दूरच्या केंद्राचा आवाज घरांत उतरे. आज तीच हौस संगणकाच्या बाबतींत दिसते. फरक एवढाच कीं, घरचा रेडिओ बिघडला तर एखादें गाणें बुडे. संगणक बिघडला तर परीक्षेचा अर्ज, बँकेचा व्यवहार, पीकविम्याचे कागद आणि मुलांचा अभ्यास हें सर्वच अडून बसतें. म्हणून हौसेच्या या कामाला आतां संसारी हिशेब चिकटला आहे.

संगणक तयार घ्यावा कीं सुटे भाग आणून जोडावा, हा वाद येथें घालण्याचें कारण नाहीं. ज्याला फिरतीवर काम करावयाचें आहे त्यानें लॅपटॉप घ्यावा, हें उघड आहे. परंतु एका जागीं बसून काम करावयाचें असेल, तर जोडलेल्या संगणकाचा एक गुण तयार यंत्रांत सहसा सांपडत नाहीं. त्याचा जो भाग बिघडेल तेवढाच काढून बदलतां येतो, आणि गरज वाढेल तशी एकेका भागाची भर घालतां येते. जुन्या घराला एक एक खण वाढवीत जावें, तसा हा व्यवहार आहे. अट इतकीच कीं, पाया आरंभींच नीट घातलेला असावा. आणि हा पाया कोणता, याविषयींच बहुतेकांची गफलत होते.

बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यांत, मेहकर आणि लोणार यांच्या दरम्यान, सुलतानपूर हें गांव आहे. उल्कापातानें झालेलें लोणारचें सरोवर जगाला ठाऊक आहे. सुलतानपूर हें सोयाबीन, तूर आणि कपाशी यांच्या हंगामावर वर्ष मोजणारें गांव. अशा गांवांतील एखादें घर डोळ्यांसमोर आणावें. आजोबा निवृत्त शिक्षक, मुलगा शेती पाहणारा, आणि नात रोज एस. टी. नें मेहकरला जाऊन संगणकाचा अभ्यास करणारी. सोयाबीन विकून हातीं आलेल्या रकमेंतून कांहीं भाग तिच्या संगणकासाठीं बाजूला काढलेला आहे. पुण्यास नोकरी करणाऱ्या काकांकडे शब्द टाकला जातो, आणि काकांकडून फोनवर यादी येते. यादीच्या अग्रभागीं भारी प्रोसेसर, त्याखालीं त्याहूनही महाग ग्राफिक कार्ड, मग उरलेल्या वस्तु, आणि अगदीं तळाशीं एक ओळ: ‘एसएमपीएस व कॅबिनेट – कोणतेंही चालेल.’

‘बाळ, तुझा काका कोणतेंही चालेल म्हणतो, तें नेमकें कोणतें?’ असें आजोबांनीं नातीला विचारलें, तर सर्व चर्चेंत तोच प्रश्न सर्वांत शहाणा समजावा. कारण ही यादी खालून वर वाचावयाची असते. शहरांतील ज्या सुशिक्षित कुटुंबांकडे गांवाकडच्या भावंडांचे असे निरोप येतात, त्यांनीं तर हें विशेषेंकरून ध्यानीं घ्यावें. पुण्या-मुंबईंत एखादा भाग चुकला तर संध्याकाळीं दुकानांत जाऊन बदलून आणतां येतो. सुलतानपुरांत चुकला तर पार्सल, वाट पाहणें आणि पुन्हां पार्सल, यांत परीक्षा येऊन ठेपते.

संगणकाचे भाग मोजके आहेत. प्रोसेसर हा आकडेमोड करणारा कारागीर. रॅम हा त्याच्यापुढचा ओटा. हातांत घेतलेल्या कामाचें सामान तेवढा वेळ ओट्यावर मांडलेलें असतें, आणि वीज गेली कीं ओटा साफ. डिस्क हें कोठीघर. तेथील वस्तु विजेवांचूनही जागच्या जागीं राहतात. मदरबोर्ड म्हणजे ज्यावर हे सर्व बसतात आणि ज्यांतून एकमेकांशीं बोलतात ती पाटी. पॉवर सप्लाय, ज्याला बाजारांत एसएमपीएस म्हणतात, तो सर्वांना वीज वाढणारा. आणि कॅबिनेट ही पेटी. वाढणारा नीट नसेल तर पंगत कितीही मोठी असो, लोक उपाशी उठतात. संगणकांत तर ते जळून उठतात.

भिंतींतून येणारी वीज २३० व्होल्टची असते आणि ती सेकंदाला ५० आवर्तनें करते. आंतील नाजूक भागांना ती चालत नाहीं. त्यांना १२, ५ आणि ३.३ व्होल्टची एकाच दिशेनें वाहणारी वीज हवी असते. प्रोसेसरला तर शेवटीं सुमारें एका व्होल्टची वीज मदरबोर्डकडून मिळते. हें रूपांतर पॉवर सप्लाय करतो. तो हलका असला तर एक दिवस बंद पडेल, इतकेंच नव्हे. बंद पडतांना तो भलताच दाब आंत सोडून मदरबोर्ड आणि डिस्क यांनाही आपल्याबरोबर नेऊं शकतो. सर्वांत स्वस्त मानलेला भाग सर्वांत महाग पडण्याची ही रीति आहे.

त्याची पारख करण्यास विद्वत्ता लागत नाहीं. डबीवर मोठ्या अक्षरांत ‘४५० वॅट’ असें छापलेलें असतें, त्याकडे क्षणभर दुर्लक्ष करावें. खालीं बारीक अक्षरांत एक तक्ता असतो. त्यांत १२ व्होल्टच्या ओळीखालीं किती ॲंपिअर लिहिले आहेत तें पाहावें आणि त्या आंकड्याला १२ नें गुणावें. १८ ॲंपिअर असतील तर गुणाकार २१६ येतो. म्हणजे मोठ्या अक्षरांतील ४५० पैकीं निम्मेही खऱ्या कामाचे नाहींत, कारण आजचे संगणक बहुतेक सारी वीज याच ओळीवरून घेतात. ३६ ॲंपिअर असतील तर ४३२ येतात, आणि छापील आंकडा बराचसा प्रामाणिक ठरतो. हा गुणाकार दुकानांतच, पैसे देण्यापूर्वीं करावा. ‘८० प्लस ब्राँझ’ अशी खूण असेल तर अर्ध्या भारावर निदान ८५ टक्के वीज कामीं लागते आणि उरलेलीच तेवढी उष्णतेंत जाते, असा त्याचा अर्थ.

अभ्यासाच्या संगणकाला, त्यांत वेगळें ग्राफिक कार्ड नसेल तर, साधारणपणें शंभर वॅटच्या आंतबाहेर वीज लागते. मग ४५० कशाला? एक तर पुढें-मागें भर घालावयाची झाल्यास जागा राहते; दुसरें, निम्म्याहून कमी भार वाहणारा पॉवर सप्लाय थंड राहतो आणि अधिक वर्षें टिकतो. बैलाला रोज पूर्ण ताकदीनें ओढावयास लावूं नये, हें शेतकऱ्याच्या घरीं निराळें सांगावयास नको.

विजेचा दुसरा प्रश्न तिच्या चंचलतेचा. संध्याकाळीं शेतांतील पंप सुरू झाले कीं घरांतील दिवे मंदावतात, हा खेड्यांतील नित्याचा अनुभव. ज्या पॉवर सप्लायवर ‘१०० ते २४० व्होल्ट’ असें लिहिलेलें असतें तो असा उतार बराचसा सोसून घेतो. कांहीं जुन्या व हलक्या डब्यांच्या पाठीवर ११५ आणि २३० असें दाखविणारें एक लाल बटण असतें. तें चुकून ११५ वर राहिलें आणि आपली २३० ची वीज जोडली, तर पहिल्याच क्षणीं मोठा आवाज होऊन सर्व आटोपतें. असें बटण असलेली वस्तु पहिल्या संगणकाला घेऊंच नये.

यूपीएसविषयींही एक गैरसमज आहे. ६०० व्हीए म्हणून विकला जाणारा यूपीएस साधारणतः ३६० वॅटपर्यंतचा भार उचलतो, आणि तोही कांहीं मिनिटें. त्याचें काम तासन् तास संगणक चालविण्याचें नसून, हातांतील लेखन जतन करून यंत्र रीतसर बंद करण्यास अवधि देण्याचें आहे. घरीं इन्व्हर्टर असेल तर त्याची लहर ‘साइन’ जातीची आहे कीं नाहीं तें पाहावें. चौकोनी लहरीवर कांहीं चांगले पॉवर सप्लाय रुसतात. कित्येक इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ आणि ‘इको’ असे दोन कल असतात. संगणकासाठीं पहिला कल हवा, कारण दुसऱ्यांत वीज जाणें आणि बॅटरी सुरू होणें यांतलें अंतर अधिक असतें आणि तेवढ्यांत संगणक बंद पडतो. आणि मृगाच्या आधीं विजा कडाडूं लागल्या, कीं प्लगच काढून ठेवावा. त्याहून स्वस्त संरक्षण नाहीं.

यादींत ज्याचें नांवही नसतें अशी एक गोष्ट या सर्वांच्याही खालीं आहे: अर्थिंग. संगणकाच्या लोखंडी पेटीला बोट लावल्यावर झिणझिण्या येतात, अशी तक्रार पुष्कळ घरांत ऐकूं येते आणि ‘थोडा शॉक मारतोच’ म्हणून ती सोडून दिली जाते. वस्तुतः तो एक निरोप आहे. पॉवर सप्लायमध्यें विजेंतील खरखर गाळून जमिनींत सोडण्यासाठीं लहान कपॅसिटर बसविलेले असतात. तिसऱ्या पिनेची तार जमिनीपर्यंत पोहोंचलेली नसेल, तर ती खरखर पेटीवरच थांबते आणि पेटीवर निम्म्या दाबाची, म्हणजे सुमारें ११५ व्होल्टची, क्षीण वीज उभी राहते. प्रवाह इतका अल्प असतो कीं त्यानें माणूस दगावत नाहीं. परंतु पॉवर सप्लाय आंतून बिघडून पूर्ण दाब पेटीवर आला, तर त्याला वाट देणारें कोणीच नसतें. मग त्या पेटीला प्रथम हात लावील त्याच्यावर बेततें.

म्हणून ग्राफिक कार्डाच्या पैशांतून थोडे काढून आधीं वायरमन बोलवावा. अंगणांत खड्डा घेऊन त्यांत तांब्याचा किंवा जस्ताच्या मुलाम्याचा पत्रा अथवा नळी पुरतात, भोंवतीं मीठ आणि कोळसा घालतात आणि तेथून तार घरांत आणतात. बुलढाण्याच्या उन्हाळ्यांत जमीन भेगाळून कोरडी पडते; कोरडी माती विजेला वाट देत नाहीं. तेव्हां अशा खड्ड्यांत अधूनमधून पाणी ओतावें लागतें. तुळशीला पाणी घालतांना दोन तांबे तिकडेही, असा नेम ठेवला म्हणजे विसर पडत नाहीं. दोन पिनांचा प्लग, किंवा तिसरी पिन मोडून केलेला जुगाड, या घरांत शिरूं देऊं नये.

वीज झाली, आतां ऊन आणि धूळ. संगणकाचे पंखे खोलींतील हवाच आंत फिरवितात, त्यामुळें आंतील भाग खोलीपेक्षां थंड कधींच होऊं शकत नाहींत. पुष्कळ प्रोसेसर सुमारें ९५ अंशांवर पोहोंचले कीं स्वतःची गति आपणच कमी करितात. वातानुकूलित खोलींत हवा २५ अंशांची असते; विदर्भांत मे महिन्याच्या दुपारीं घरांतील हवा ४० अंशांपर्यंत चढूं शकते. म्हणजे यंत्र सुरू होण्यापूर्वींच १५ अंशांची शिल्लक खर्ची पडलेली असते. शहरांतील थंड खोलींत घेतलेल्या चाचण्या वाचून जो भारी प्रोसेसर निवडला, तो सुलतानपुरांत दुपारीं साध्या प्रोसेसरच्या चालीनें चालण्याचा संभव आहे. त्यापेक्षां ६५ वॅट जातीचा, कमी तापणारा प्रोसेसर घ्यावा, हें अधिक शहाणपणाचें.

कॅबिनेट निवडतांना दर्शनी बाजू जाळीची पाहावी आणि जाळीमागें काढून धुतां येईल असा गाळा असावा. एक पंखा पुढून हवा घेणारा, एक मागून सोडणारा, एवढ्यानें काम भागतें. समोर अखंड कांच आणि आंत रंगीत दिवे असलेल्या पेट्या आज फार खपतात. ती रोषणाई गणपतींत शोभेल. परंतु कांचेंतून हवा जात नाहीं. सोयाबीन काढणीच्या दिवसांत मळणीचा बारीक भुसा आणि नंतर कापसाचे तंतु घरभर तरंगत असतात. ते प्रोसेसरवरील पात्यांत बसले कीं त्यांचा चक्क गालिचा होतो. पेटी जमिनीवर ठेवूं नये, चुलीच्या भिंतीला लावूं नये, मागें एक वीतभर जागा सोडावी. मागच्या बाजूच्या मोकळ्या फटींवर पट्ट्या लावलेल्या असतात, त्या काढून फेकूं नयेत. उबेला येणाऱ्या पाली आणि मुंग्या तेथूनच आंत शिरतात, आणि पालीनें केलेला शॉर्टसर्किट कोणत्याही हमींत बसत नाहीं.

येथवर आल्यावर मग यादीच्या वरच्या ओळींकडे वळण्यास हरकत नाहीं. तेथें नियम बदलतो. विजेच्या बाबतींत सोशीकपणा पाहावयाचा, तर येथें जुळणी. एकेक भाग उत्तम असून संच मात्र नापास, असें होऊं शकतें. आणि साधेच भाग नीट जुळले तर मोठें कामही उठवितात. आपल्याकडील दोन गाजलेलीं यंत्रें याचीच साक्ष देतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन यांच्या पुढाकारानें देशांतील आरंभींचा संगणक घडविण्यांत आला. त्याची लहान प्रतिकृति १९५६ मध्यें चालूं झाली, पूर्ण यंत्र १९६० मध्यें कामास लागलें, आणि १९६२ मध्यें पंडित नेहरूंनीं त्याचें ‘टिफ्रॅक’ असें नामकरण केलें. सुमारें २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक एकमेकांशीं जुळवून तें उभें केलेलें होतें. त्याच्या ओट्यावर, म्हणजे स्मृतींत, प्रत्येकीं ४० अंकस्थानांचे २,०४८ शब्द मावत. आजचा शालेय गणकही त्याला हंसेल. परंतु तें जोडणाऱ्यांपैकीं बहुतेकांनीं तोंवर संगणक हाताळलेलाही नव्हता.

दुसरें यंत्र पुण्याचें. मोठा महासंगणक देण्यास अमेरिकेनें आडकाठी केल्यानंतर १९८८ मध्यें सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि १९९१ मध्यें तिनें ‘परम ८०००’ पुरा केला. त्या कामाचे प्रमुख विजय भटकर हे बुलढाण्याच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यांतील मुरंबा गांवचे. परममध्यें घातलेले ट्रान्सप्यूटर हे इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे, बाजारांत मिळणारे. एकेकटा ट्रान्सप्यूटर महासंगणकापुढें किरकोळच. पण त्याला शेजाऱ्यांशीं बोलण्यासाठीं चार दुवे जन्मतःच दिलेले होते. अनेक ट्रान्सप्यूटर एकत्र जुंपतां आले तें या दुव्यांमुळें. भाग निवडणाऱ्यांनीं एकट्याचा वेग न पाहतां जुळण्याचा गुण पाहिला होता.

घरच्या संगणकांत ही जुळणी तीन ठिकाणीं तपासावयाची असते. पहिली, प्रोसेसर आणि मदरबोर्डावरील त्याची बैठक, म्हणजे सॉकेट. एएमडी कंपनीची ‘एएम४’ बैठक २०१६ पासूनची, ‘एएम५’ २०२२ पासूनची. इंटेलची ‘१७००’ ही २०२१ पासूनची. एकीचा प्रोसेसर दुसरींत बसत नाहीं, आणि बळानें बसवूं गेल्यास पिना वांकतात. शिवाय बैठक तीच असली तरी मदरबोर्ड जुना आणि प्रोसेसर त्यानंतरचा असेल, तर बोर्डावरील ‘बायोस’ अद्ययावत केल्यावांचून पडदा काळाच राहतो. मदरबोर्डाचा कारखानदार चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी प्रसिद्ध करितो. ती दुकानदाराच्या शब्दापेक्षां अधिक विश्वसनीय.

दुसरी जुळणी रॅमची. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ च संपर्कबिंदू असतात आणि लांबीही तीच. परंतु मधली खांच निराळ्या जागीं असते, म्हणून एकीची पट्टी दुसरीच्या खोबणींत जात नाहीं. एएम५ ला डीडीआर५ च लागते. १७०० बैठकीचे मदरबोर्ड दोन्ही जातींचे निघाले, तेव्हां नांव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावें. १६ जीबी हवी असेल तर एक १६ ची घेण्यापेक्षां ८ च्या दोन घ्याव्या. दोन दारांनीं सामान ये-जा करूं लागलें म्हणजे काम सुकर होतें, आणि वेगळें ग्राफिक कार्ड नसलेल्या संगणकांत तर हा फरक डोळ्यांना दिसतो. भाव मात्र रोज पाहावे. २०२५ च्या उत्तरार्धांत रॅमच्या किंमती इतक्या झपाट्यानें चढल्या कीं, दिवाळीपूर्वीं केलेलें अंदाजपत्रक नाताळांत निरुपयोगी झालें होतें.

तिसरी जुळणी एका अक्षराची, आणि तींतच सर्वांत अधिक घरें फसतात. पडद्यावर चित्र उमटविण्याची सोय कांहीं प्रोसेसरांत अंगभूत असते, कांहींत नसते. इंटेलच्या नांवाच्या शेवटीं ‘एफ’ असेल तर ती नाहीं. एएमडीच्या एएम४ पिढींत ‘रायझन ५ ५६००’ मध्यें ती नाहीं, ‘५६००जी’ मध्यें आहे. ‘एफ’चा प्रोसेसर कांहींसा स्वस्त मिळतो म्हणून घेतला, घरीं सर्व जोडलें, पंखे फिरूं लागले आणि पडदा मात्र कोरा, असें झालें तर दोष कोणाचाच नसतो, त्या संचाला वेगळें ग्राफिक कार्ड लागत होतें, एवढेंच. उलट ५६००जी सारखा प्रोसेसर घेतला तर काकांच्या यादींतील सर्वांत महाग ओळच तूर्त खोडतां येते. नात पुढें चित्रणाचें किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेचें काम करूं लागली, तर मदरबोर्डावरील लांब खोबण त्या कार्डासाठीं मोकळी आहेच. पॉवर सप्लाय मात्र त्या कार्डाच्या मागणीशीं ताडून पाहावा लागेल. तशी इच्छा आतांच असेल तर ४५० ऐवजीं ५५० चा घ्यावा.

कोठीघराविषयीं थोडक्यांत. १९५६ मध्यें, म्हणजे टिफ्रॅकची प्रतिकृति चालूं झाली त्याच वर्षीं, आयबीएमनें पहिली चकतीची साठवण बाजारांत आणली. तींत पन्नास लाख अक्षरें मावत आणि ती कपाटाएवढी होती. आज बोटाएवढ्या ५०० जीबी एसएसडीमध्यें त्याच्या लाखपट मावतें. चकती फिरणारी हार्ड डिस्क सेकंदाला दीडशें एमबीच्या आसपास देते, साटा जातीची एसएसडी साडेपांचशेंपर्यंत, आणि एनव्हीएमई जातीची त्याच्या कितीतरी पट. येथेंही एक फसवी जागा आहे: ‘एम.२’ हें केवळ आकाराचें नांव असून त्या आकारांत साटा आणि एनव्हीएमई दोन्ही मिळतात. मदरबोर्ड कोणती घेतो तें आधीं पाहावें. अभ्यासाच्या घरीं एसएसडी असल्यावर इतर वेगांची चिकित्सा फारशी करूं नये. जुन्या संगणकाचा रेंगाळा बहुधा याच एका बदलानें जातो.

जुनें काय चालेल, हा प्रश्न काटकसरीच्या घरांत निघतोच. जुना पडदा चालेल, कीबोर्ड चालेल, धड असलेली पेटीही चालेल. जुना पॉवर सप्लाय आणि जुनी डिस्क चालणार नाहीं. दोघांचेंही उरलेलें आयुष्य बाहेरून कळत नाहीं. जुन्या मदरबोर्डाच्या बाबतींत आणखी एक विचार आहे. विंडोज १० ला मिळणारें नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपलें, आणि विंडोज ११ ला ‘टीपीएम २.०’ नांवाची सुरक्षेची सोय लागते. ती नसलेला जुना संच ‘विंडोजसह’ म्हणून कोणी देऊं केला, तर त्याचा अर्थ समजून घ्यावा. लिनक्स विनामूल्य असून संगणकशास्त्राच्या विद्यार्थिनीला तें शिकावेंच लागणार. मराठी लिहिण्याची सोय आतां दोहोंत आयती असते. एके काळीं, १९८० नंतरच्या दशकांत, पडद्यावर देवनागरी उमटावी म्हणून ‘जिस्ट’ नांवाचें वेगळें कार्ड संगणकांत बसवावें लागे. युनिकोड रुळल्यावर यादींतील ती ओळ कायमची गळाली.

खरेदी कोठून करावी? मुंबईंत लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा या मालाचा जुना बाजार. इतर मोठ्या शहरांतही अशा गल्ल्या आहेत. दूरच्या घरासाठीं दुकान निवडतांना शंभर-दोनशें रुपयांची सूट गौण मानावी. पक्की पावती, तिच्यावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक, आणि हमीची मुदत या तीन गोष्टी मुख्य. मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम शक्यतों एकाच ठिकाणीं घ्यावीं, म्हणजे न जुळल्यास एकानें दुसऱ्याकडे बोट दाखविण्याचा प्रश्न उरत नाहीं. आणि काकांना एक विनंती अवश्य करावी: गांवीं धाडण्यापूर्वीं तिन्ही भाग तेथेंच, दुकानाच्या मेजावर, एकदां जोडवून पडदा उजळलेला पाहावा. पंधरा मिनिटांच्या त्या खोळंब्यानें पुढचें सारें पार्सल-प्रकरण टळतें. खोकीं आणि पावत्या हमी संपेपर्यंत फेकूं नयेत. गणपतीच्या मखराला तें पुठ्ठ्याचें सामान कितीही सोयीचें वाटलें तरी.

भाग सुलतानपुरांत पोहोंचल्यावरही ते लागलीच पेटींत कोंबूं नयेत. मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा, हात क्षणभर अर्थिंग असलेल्या धातूला लावून अंगावरची स्थिर वीज घालवावी, मग प्रोसेसर, त्यावरील पंखा, रॅम आणि पॉवर सप्लाय एवढेंच जोडून पडदा लावावा. या अवस्थेंत चुकलेलें सहज दिसतें आणि सहज दुरुस्त होतें. पेटींत स्क्रूनें आवळल्यावर तीच चूक शोधण्यास दिवस जातो. पॉवरचें बटण अजून पेटीवर असल्यामुळें बोर्डावरील त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचें टोंक क्षणमात्र टेंकवावें लागतें. पंखा फिरतो. पहिल्या खेपेस यंत्र आपल्या स्मृतीची ओळख करून घेतें, त्यांत मिनिट-दोन मिनिटें पडदा काळा राहूं शकतो, विशेषतः डीडीआर५ असेल तर. त्या वेळीं घाबरून वीज बंद करूं नये. मग पडद्यावर प्रोसेसरचें नांव येतें, त्याखालीं रॅमचा आंकडा येतो, आणि कोपऱ्यांत तारीख बहुधा चुकीची असते. ती आजोबांकडून बरोबर करून घ्यावी आणि मग पेटी उघडावी.